‘डॉक्टर हू’: चाहत्यांनी जपलेली, चाहत्यांनीच झोडपलेली मालिका

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. एवढ्या काळात तिच्यावर सर्वांत कठोर टीका झाली ती तिच्या चाहत्यांकडून. मालिका बंद असताना तिला जिवंत ठेवले, बीबीसीने नष्ट केलेले भाग शोधले, तिचा इतिहास लिहिला आणि अखेर ती चालवायला घेतली, तीही याच चाहत्यांनी. दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथेची चाहते समीक्षा कशी करतात, त्यातून काय निपजते आणि इंटरनेटवर आल्यावर या समीक्षेचे काय झाले, हे पाहायला याहून भरघोस उदाहरण मिळणे कठीण आहे.

मालिकेची मांडणी साधी आहे. ‘डॉक्टर’ म्हणून ओळखला जाणारा परग्रहावरचा प्रवासी ‘टार्डिस’ नावाच्या यानातून काळात आणि अवकाशात फिरतो. यान बाहेरून ब्रिटिश पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-पेटीसारखे दिसते, आतून मात्र अफाट मोठे आहे. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यावर १९६६ मध्ये एक युक्ती निघाली : मरणाच्या दारात पोहोचलेला डॉक्टर शरीर पालटतो आणि त्याच भूमिकेत नवा नट येतो. मालिकेला एवढे दीर्घायुष्य या युक्तीने दिले. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, तेव्हा अवघे २४ वर्षांचे. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांच्या. मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी दाखवायचा हा कार्यक्रम पुढे कोणी ओळीन् ओळ तपासून पाहील, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

अशी मालिका टीका ओढवून घेते, याचे कारण तिच्या जातीतच आहे. कौटुंबिक मालिकेतले जग प्रेक्षकाच्या ओळखीचे असते. विज्ञानकथेतले जग लेखकाला नियमांसकट उभारावे लागते. काय शक्य, काय अशक्य, कोण कुठला, हे एकदा सांगितले की लक्ष देऊन पाहणारा प्रेक्षक ते मनात धरून ठेवतो आणि पुढचा भाग त्याच कसोटीवर घासतो. त्यात ‘डॉक्टर हू’ डझनावारी लेखकांनी लिहिलेली, दशकानुदशके चाललेली. अटलांटिस बुडण्याची कारणे तिच्यात १९६७, १९७१ आणि १९७२ अशी तीनदा सांगितली गेली, आणि तिन्ही वेगवेगळी.

याहून गाजलेला वाद ‘युनिट’ या लष्करी संघटनेच्या कालगणनेचा. डॉक्टर या संघटनेबरोबर काम करतो त्या सत्तरच्या दशकातल्या कथा नजीकच्या भविष्यात घडतात, असे गृहीत होते. १९७५ च्या एका कथेत त्याची सोबती, पत्रकार सेरा जेन, आपण १९८० सालातून आल्याचे सांगते. १९८३ च्या कथेत मात्र युनिटचा प्रमुख ब्रिगेडियर १९७७ मध्येच निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवताना दिसतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. चाहत्यांनी भिंतीवरची कॅलेंडरे, मोटारींचे क्रमांक, संवादातले पुसट उल्लेख असा एकेक पुरावा गोळा करून या प्रश्नावर पानेच्या पाने लिहिली. २००८ च्या एका भागात खुद्द डॉक्टर आपण युनिटमध्ये सत्तरच्या दशकात होतो की ऐंशीच्या, या संभ्रमात पडतो. हे वाक्य वाद माहीत असलेल्या माणसाने, वाद माहीत असलेल्यांसाठी लिहिले आहे.

चाहत्यांच्या समीक्षेची परंपरा मात्र या मालिकेपेक्षा जुनी आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यातल्या वाचकांच्या पत्रांखाली पत्ते छापले जात. वाचक त्यामुळे एकमेकांना लिहू लागले, मंडळे निघाली आणि स्वखर्चाने काढलेल्या पत्रिका, म्हणजे ‘फॅनझिन’, फिरू लागल्या. ‘स्टार ट्रेक’ १९६६ मध्ये आल्यावर ही सारी यंत्रणा दूरचित्रवाणीकडे वळली. १९६७ मध्ये ‘स्पॉकनालिया’ हे त्या मालिकेला वाहिलेले फॅनझिन निघाले. मालिका बंद होणार अशी बातमी फुटताच बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली आणि तिसरे पर्व आले. या मंडळींमध्ये स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. फॅनझिनमधल्या कथांत सर्वगुणसंपन्न तरुण नायिकांचा सुळसुळाट झाला, तेव्हा पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एक छोटी विडंबनकथा लिहिली. तिच्या नायिकेचे ‘मेरी सू’ हे नाव आज मुख्य प्रवाहातले समीक्षकही सर्रास वापरतात.

ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी’ १९७६ मध्ये स्थापन झाली. मराठीतल्या साठच्या दशकातील अनियतकालिकांप्रमाणेच इथेही चक्रमुद्रित पाने, पदरचा खर्च, मोजके वाचक आणि मोठी ईर्षा होती. त्याच वर्षी ‘द डेडली असॅसिन’ ही रॉबर्ट होम्स यांची कथा प्रसारित झाली. डॉक्टरच्या जातीचे ‘टाइम लॉर्ड’ तोवर दूरस्थ, जवळपास देवासमान दाखवले गेले होते. होम्स यांनी त्यांना कुरघोड्या करणारे थकलेले म्हातारे राजकारणी बनवले. सोसायटीचे अध्यक्ष जॅन व्हिन्सेंट-रड्झकी यांनी संस्थेच्या पत्रिकेत या कथेवर घणाघाती टीका केली. मालिकेच्या पूर्वेतिहासाशी ती कुठे कुठे विसंगत आहे, हे त्यांनी मुद्देसूद दाखवले आणि मालिकेतली जादू संपल्याची तक्रार केली. आज ही कथा मालिकेतल्या उत्तम कथांमध्ये गणली जाते. टाइम लॉर्ड फक्त बारा वेळा शरीर पालटू शकतात, हा नियमही तिच्यातलाच, आणि पुढे २०१३ मध्ये त्यातून वाट काढण्यासाठी लेखकांना वेगळी कथा रचावी लागली. त्या परीक्षणातले तपशील चुकीचे नव्हते. चुकले ते त्यांना दिलेले वजन. मालिका पूर्वी जशी होती तशीच राहावी ही अपेक्षा चाहत्याच्या समीक्षेला सहज चिकटते, आणि तिच्यापासून सुटणे हेच या समीक्षेतले सर्वांत अवघड काम आहे.

ही टीका लिहिली गेली तेव्हा पूर्वीचे भाग पुन्हा पाहण्याची सोय जवळपास नव्हती. पुनःप्रक्षेपण क्वचित होई, घरगुती व्हिडिओ नव्हता. जुन्या कथा कळायच्या त्या टार्गेट प्रकाशनाच्या कादंबऱ्यांतून. त्यांतल्या साठहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिल्या. त्यामुळे साठच्या दशकातल्या कथांबद्दलची मते थोरल्या चाहत्यांच्या आठवणींवर उभी राहिली आणि धाकट्यांनी ती तशीच उचलली. ऐंशीच्या दशकातले निर्माते जॉन नेथन-टर्नर ‘पूर्वीचे कार्यक्रम किती छान होते’ या तक्रारीला उत्तर देताना स्मृती फसवते, असे म्हणत. चाहत्यांना ते झोंबले, पण ते पूर्ण खोटे नव्हते.

आणि आठवणी पडताळून पाहाव्यात तर मूळ भागच उरले नव्हते. व्हिडिओटेप महाग होती, ती पुसून पुन्हा वापरली जाई. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणाला मर्यादा होत्या. रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना बाजार राहिला नाही. या कारणांनी बीबीसीने १९७८ पर्यंत आपले असंख्य कार्यक्रम नष्ट केले. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्याबरोबर लिहिलेली ‘अ फॉर अँड्रॉमेडा’ ही १९६१ ची मालिका त्यातच गेली. सात भागांपैकी एक संपूर्ण भाग आणि काही तुकडे तेवढे उरले आहेत. ‘डॉक्टर हू’चेही शंभरावर भाग गेले. पण इथे एक फरक होता. मालिका चालू असताना अनेक मुलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याची छायाचित्रे काढून कलावंतांना आणि दिग्दर्शकांना विकत. तीही कामी आली.

या शोधाच्या कथा एकाहून एक विलक्षण आहेत. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन चाहत्यांना तिथल्या सरकारी अभिलेखागारात चित्रफितीचे काही तुकडे सापडले. मुलांसाठी फार भीतिदायक म्हणून तिथल्या परीक्षण मंडळाने जे प्रसंग कापले होते, नेमके तेच वाचले होते. ‘द डीमन्स’ या १९७१ च्या कथेच्या बहुतेक भागांची केवळ कृष्णधवल फिल्म उरली होती. एका अमेरिकन प्रेक्षकाने घरी केलेल्या मुद्रणातले रंग घेऊन ते त्या फिल्मवर चढवले गेले आणि १९९२ मध्ये कथा पुन्हा रंगीत झाली. हे काम करणाऱ्या चमूतले तंत्रज्ञ स्वतः मालिकेचे चाहते होते. समीक्षा म्हणजे फक्त मत देणे नव्हे. ज्यावर मत द्यायचे ती कलाकृती शाबूत राखणे हा तिचा पाया आहे, आणि हे काम संस्थेच्या आधी चाहत्यांनी ओळखले.

हरवलेले भाग सापडल्याने मतांचे काय झाले, हे दोन कथांवरून दिसते. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ ची कथा चाहत्यांच्या आठवणीत सर्वश्रेष्ठ होती. १९९२ मध्ये तिचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले. पाहिल्यावर थडग्यांतून बाहेर पडणाऱ्या यंत्रमानवांचा प्रसंग खरोखर थरारक निघाला. पण उचललेल्या माणसाला बांधलेली तार दिसत होती, आणि कथेतला एकमेव कृष्णवर्णी माणूस जेमतेम बोलणारा, बलदंड नोकर म्हणून रंगवलेला होता. आधी कोणी फारसा न काढलेला हा मुद्दा आता प्रत्येक गंभीर परीक्षणात येऊ लागला. उलट ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या कथेच्या सहा भागांपैकी फक्त तिसरा उरला होता आणि त्यावरून ती कंटाळवाणी ठरली होती. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून तिचे बाकीचे भाग परत आल्याचे जाहीर झाले. डॉक्टर आणि त्याच्यासारखाच दिसणारा हुकूमशहा अशा दुहेरी भूमिकेतले पॅट्रिक ट्रॉटन पाहून लोक थक्क झाले आणि कथा वरच्या पंक्तीत जाऊन बसली. त्या शोधानंतरही ९७ भाग बेपत्ताच राहिले. पुरावा बदलताच पिढ्यान्‌पिढ्यांचे मत बदलायला हे लोक तयार झाले, ही त्यांच्या समीक्षेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

ऐंशीच्या दशकात चाहत्यांचा आवाज प्रथमच निर्मात्यांच्या दालनापर्यंत पोहोचला. इयन लेव्हिन हे चाहते मालिकेचे अनधिकृत सल्लागार झाले. त्याच सुमारास कथा आपल्याच भूतकाळावर विसंबू लागल्या. १९८५ ची ‘अटॅक ऑफ द सायबरमेन’ नीट कळायला १९६६ आणि १९६७ च्या कथा ठाऊक असाव्या लागत, आणि त्या तर बहुतेक प्रेक्षकांना पाहताही येत नव्हत्या. जाणकारांना खूश करण्याच्या नादात मालिका सामान्य प्रेक्षकापासून तुटली, हा आरोप पुढे चाहत्यांनी स्वतःच केला आणि तो योग्य होता. बीबीसीचे मायकेल ग्रेड यांनी १९८५ मध्ये मालिका दीड वर्ष थांबवली. १९८६ मध्ये ती ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ या चौदा भागांच्या कथेने परतली, तीही अनेकांच्या पसंतीस उतरली नाही.

त्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात लिव्हरपूलच्या चाहत्यांना बोलावले होते. त्यांतल्या १६ वर्षांच्या एका मुलाने या कथेचे लेखन ठोकळेबाज असल्याचे स्पष्ट सांगितले. कथेच्या लेखकांपैकी पिप आणि जेन बेकर हे दांपत्य त्याच कार्यक्रमात उत्तर द्यायला होते. त्या मुलाचे नाव ख्रिस चिबनॉल. पुढे २०१८ मध्ये या मालिकेची सूत्रे त्याच्याच हाती आली.

अभ्यासक जॉन टलॉक यांनी अशा चाहत्यांना सत्ता नसलेले अभिजन म्हटले आहे : विषयाचे सर्वाधिक ज्ञान यांच्याकडे, निर्णयाचा अधिकार मात्र शून्य. १९८९ नंतर ही स्थिती उलटली, कारण निर्णय घेणाऱ्यांनीच मालिका सोडून दिली. व्हर्जिन प्रकाशनाने १९९१ पासून नव्या कादंबऱ्या काढल्या आणि त्या लिहायला फॅनझिनमध्ये हात घडलेले तरुण आले. पॉल कॉर्नेल त्यांतले ठळक नाव. रसेल टी. डेव्हिस यांनीही १९९६ मध्ये एक कादंबरी लिहिली. याच काळात चर्चा युजनेटवर, म्हणजे वर्ल्ड वाइड वेबच्याही आधीपासून चालत आलेल्या चर्चागटांवर सरकली. फॅनझिनमध्ये परीक्षण यायला महिने लागत. इथे मते लगोलग येऊ लागली. १९९५ मध्ये स्टीव्हन मोफॅट नावाच्या लेखकाने तिथे एक कल्पना मांडली : वैद्याला ‘डॉक्टर’ म्हणतात तेच मुळी या भटक्या डॉक्टरमुळे असेल तर? २०११ मध्ये, मालिकेचे प्रमुख झाल्यावर, त्यांनी ती कल्पना एका भागात वापरली.

लेखक आणि चाहते एकाच ओसरीवर आल्याने नवे धोकेही उभे राहिले. अमेरिकेतल्या ‘बॅबिलॉन ५’ या विज्ञानकथा-मालिकेचे जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की युजनेटवर रोज चाहत्यांशी बोलत. एका चाहत्याने तिथे सुचवलेली कल्पना त्यांच्या नियोजित पटकथेशी जुळली. उद्या चोरीचा आरोप व्हायला नको म्हणून त्या चाहत्याची लेखी संमती मिळेपर्यंत ती पटकथा बाजूला ठेवावी लागली. चर्चागटात कथाकल्पना मांडू नयेत हा नियम पुढे कडक झाला तो यामुळे.

२६ मार्च २००५ रोजी रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका परत आणली. पहिला भाग एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने तोवरच्या दोनशे कथांवर वाचकांचा कौल घेतला. पहिली आली ‘द केव्हज ऑफ अँड्रोझानी’, दोनशेवी ‘द ट्विन डिलेमा’. दोन्ही १९८४ मध्ये एकीमागून एक प्रसारित झालेल्या आहेत. कौलापलीकडे दीर्घ, सखोल समीक्षाही या काळात बहरली. एलिझाबेथ सँडिफर यांनी २०११ पासून एकेक कथा तिच्या काळातल्या ब्रिटिश राजकारण-संगीतासह वाचून दाखवली. विद्यापीठातल्या प्रबंधांहूनही हे लेखन अनेकदा अधिक धाडसी आहे.

चाहत्यांमधला तणाव उफाळला तो जुलै २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर पहिल्या स्त्री-डॉक्टर म्हणून जाहीर झाल्यावर. एकही दृश्य न पाहता हजारो लोक मालिका संपल्याचे ओरडू लागले. समाजमाध्यमांवर संतापाला प्रतिसाद मिळतो, व्हिडिओला प्रेक्षक मिळतात आणि प्रेक्षकांमागून पैसा येतो. त्यामुळे मालिका वाईट असल्याचे दर आठवड्याला सांगणे हाच काहींचा व्यवसाय झाला. या गदारोळात खरी समीक्षा दबली, हे नुकसान मोठे आहे. कारण चिबनॉल यांच्या पर्वावर बोलण्यासारखे पुष्कळ होते : तीन सोबत्यांपैकी कोणालाच पुरेसा वाव नाही, पात्रे आपल्या भावना भाषणासारख्या सांगतात. अजस्र ऑनलाइन दुकानाच्या गोदामावरचा ‘कर्ब्लॅम!’ हा भाग कामगारांच्या हालांपासून सुरू होतो आणि शेवटी दोष एका बंडखोर कामगाराच्या माथी मारतो, हा चाहत्यांनी घेतलेला आक्षेप अचूक होता. त्याच्या आदल्या आठवड्यात, ११ नोव्हेंबर २०१८ रोजी, आला होता विनय पटेल यांचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’. फाळणीच्या दिवसांतले एक लग्न दाखवणारा हा भाग त्या पर्वातला सर्वोत्तम ठरवला गेला, तोही अनेकदा याच टीकाकारांकडून. अभिनेत्रीच्या स्त्री असण्यावर तोंडसुख घेणाऱ्यांशी या लोकांची गल्लत करणे अन्यायाचे आहे.

१ मार्च २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये चिबनॉल यांनी डॉक्टरचा जन्मवृत्तान्तच बदलला : हार्टनेल यांच्या आधीही डॉक्टरची अनेक रूपे होती. याचे बीज १९७६ च्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये होते. तिथे पडद्यावर काही अनोळखी चेहरे झळकतात. प्रत्यक्षात ते वेषभूषा केलेले निर्मितीतले सहकारी. ते चेहरे डॉक्टरचे की खलनायकाचे, यावर चाहते चार दशके भांडत होते. चिबनॉल यांनी एका बाजूने निकाल दिला आणि निम्म्या चाहत्यांचा रोष ओढवून घेतला.

बीबीसीने मालिकेची अधिकृत ‘कॅनन’, म्हणजे कोणत्या कथा कथाविश्वात खऱ्या धरायच्या याची यादी, कधीच जाहीर केलेली नाही. त्यामुळे असे निकाल टिकतातच असे नाही. पॉल कॉर्नेल यांच्या १९९५ च्या ‘ह्यूमन नेचर’ या कादंबरीत सातवा डॉक्टर आपली ओळख विसरून पहिल्या महायुद्धापूर्वीच्या एका शाळेत शिक्षक म्हणून राहतो. २००७ मध्ये कॉर्नेल यांनीच ती कथा दूरचित्रवाणीसाठी लिहिली आणि तिथे शिक्षक झालेला डॉक्टर दहावा, डेव्हिड टेनंट यांचा, आहे. या दोहोंपैकी कोणती घटना डॉक्टरच्या आयुष्यात खरोखर घडली, यावर कॉर्नेल यांचे स्वतःचे म्हणणे असे की या मालिकेला कॅनन मुळी नाहीच. बरेच चाहते त्यांच्याशी सहमत नाहीत, आणि दोन्ही कथा एका सूत्रात कशा बसवता येतील यावरचे त्यांचे लेखन चालूच आहे.